पाय पाहून वाट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण आपणां सर्वांस बालपणापासून पाठ आहे. आज आम्ही जो विषय आपणांपुढे मांडणार आहोत, त्याचे सार सांगावयाचे तर त्या म्हणीची थोडी फिरवाफिरव करून 'पाय पाहून वाट निवडावी' एवढेच सांगावे लागेल. विषय आहे सहलीच्या ठिकाणाचा. आपल्या आसपासच्या टेकड्या, गड आणि उद्याने यांतून कोणासाठी कोणती जागा निवडावी, याचा. शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वधूवर-सूचक केंद्र असे भारदस्त विषय समोर असताना सहलीवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न काही मंडळींच्या मनात आला असेल. तो आम्हांस अमान्य नाही. परंतु आमचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्यावर हा विषय शिष्यवृत्तीइतकाच गंभीर आहे, असे आपणही म्हणाल, अशी आमची खात्री आहे.

कोणत्याही ज्ञातिमंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांकडे पाहा. स्नेहसंमेलन, हळदीकुंकू, गुणवंतांचा सत्कार हे सगळे सभागृहात होतात. तेथे माणसे खुर्च्यांवर बसतात, भाषणे ऐकतात, अल्पोपाहार घेतात आणि घरी जातात. माणूस माणसाशी खरोखर बोलतो तो सहलीत. आजोबांच्या तोंडून गावाकडच्या गोष्टी निघतात त्या झाडाखाली. सासूसुना एकमेकींस नव्याने भेटतात त्या डबा उघडताना. आणि दोन अनोळखी घरांतील मुले एकमेकांची मित्र होतात ती धुळीच्या पायवाटेवर. म्हणून सहलीस जो येत नाही, तो एका दिवसाच्या करमणुकीस मुकतो एवढेच नव्हे. त्याच्याशी जोडलेला एक धागा सैल होतो.

सहलीच्या यादीत जी नावे असतात ती कार्यवाह मोठ्याने वाचून दाखवितात. जी नसतात ती कोणीच वाचत नाही. ती नावे कोणाची असतात? गुडघे धरलेल्या काकूंची, हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या काकांची, चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या तरुणाची, दृष्टी अधू झालेल्या आजींची आणि ज्या मुलाची समज वयाच्या मानाने मागे राहिली आहे त्या मुलाच्या आईची. पहिल्या वर्षी ही मंडळी 'यंदा जमणार नाही' म्हणतात. दुसऱ्या वर्षी त्यांस कोणी विचारीत नाही, कारण 'त्यांना जमत नाही' हे सर्वांस ठाऊक झालेले असते. तिसऱ्या वर्षी त्यांची वर्गणी तेवढी येते.

सत्तरी उलटलेल्या एका वडीलधाऱ्या सभासदांस आम्ही एकदा सहज विचारले की, आपण सहलीस का येत नाही? तरुणपणी हे गृहस्थ रोज पहाटे पर्वती चढून मग कचेरीस जात असत. ते म्हणाले, "तुम्ही सगळे वर जाणार आणि मी खाली मोटारीत बसून पिशव्या राखणार. पिशव्या राखायला मी कशाला हवा? त्यापेक्षा घरची आरामखुर्ची काय वाईट?" ते हे हसत हसत बोलले. त्यांस चालण्याचे दुःख नव्हते, राखणदार होण्याचे होते. आजच्या आमच्या सांगण्याचा उगम त्या एका उत्तरात आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. जागा निवडताना आपण सर्वसाधारणपणे तिचे दोन वर्ग करतो: सोपी आणि अवघड. हे वर्गीकरण दिसावयास सोयीचे असले तरी ते फसवे आहे. कारण सोपेपणा हा जागेच्या अंगी नसतो. जागा आणि माणूस यांच्या जोडीतून तो निर्माण होतो. उदाहरणासाठी पर्वतीच घ्या. तेथे वर जाण्यास शंभराहून थोड्या अधिक रुंद दगडी पायऱ्या आहेत. धडधाकट माणसास ते दहा मिनिटांचे काम. दृष्टिहीन माणूसही सोबत्याच्या कोपरास धरून त्या पायऱ्या आत्मविश्वासाने चढू शकतो, कारण पायरी ही ठराविक वस्तू आहे, ती पायास फसवीत नाही. परंतु चाकाच्या खुर्चीस पहिलीच पायरी म्हणजे भिंत. उलट तळजाईच्या पठारावरील मातीचा रस्ता पाहा. तेथे चढ नगण्य. पण जमीन उंचसखल, मधूनच दगड, मधूनच झाडाचे मूळ. कमी दिसणाऱ्या माणसास पर्वतीपेक्षा तेथेच अधिक जपावे लागते. तेव्हा 'पर्वती अवघड की तळजाई?' या प्रश्नास उत्तर नाही. 'कोणास?' हे विचारल्याखेरीज ते देता येत नाही.

म्हणून प्रत्येक जागेस पाच प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो.

पहिला प्रश्न चढाचा. वाट किती लांब आहे हे सगळे विचारतात. ती किती वर चढते हे फार थोडे विचारतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब सांगितला, तो आजही जगभर वापरला जातो. दर तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास मिळवावा. मेट्रिक मापात म्हणाल तर सुमारे पाच किलोमीटरांस एक तास आणि सहाशे मीटर चढास आणखी एक तास. हा हिशेब आपल्या सिंहगडास लावून पाहा. आतकरवाडीकडून वर जाणारी पायवाट लांबीने तीन किलोमीटरही नाही. ऐकणाऱ्यास वाटते, अर्ध्या तासाचे काम! पण तेवढ्या अंतरात ती सुमारे सहाशे मीटर उंच चढते. म्हणजे सराईत माणसासही दीड तास हवा. आणि मुलेबाळे, विश्रांती, पाणी, गप्पा धरल्या तर तीन तास धरून निघावे. लांबी ऐकून निघालेला माणूस अर्ध्या वाटेवर रडकुंडीस येतो, तो याच कारणाने.

दुसरा प्रश्न तळाचा, म्हणजे पायाखाली काय आहे याचा. फरसबंदी, डांबर, मुरूम, माती, सुटे दगड, कातळ. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. सुक्या मुरुमावर उतरताना पाय घसरतो. ओल्या कातळावर शेवाळ असते. चाकाच्या खुर्चीस आणि लहान मुलाच्या ढकलगाडीस डांबर किंवा फरशी लागते. वाळू आणि खडी ही त्यांची शत्रू. उताराचेही एक माप लक्षात ठेवावे. सार्वजनिक इमारतींत चाकाच्या खुर्चीसाठी जो उतरता मार्ग बांधतात, तो बारा फूट लांबीत एक फुटापेक्षा अधिक चढू नये असा नियम आहे. आताच सांगितलेली सिंहगडाची पायवाट साडेचार फुटांस एक फूट या मानाने चढते. या दोन आकड्यांतील अंतर समजले म्हणजे 'चार जण मिळून ढकलत नेऊ' असे कोणी उत्साहाने म्हणणार नाही.

तिसरा प्रश्न पायऱ्यांचा. किती आहेत, किती उंच आहेत, आणि धरावयास कठडा आहे का? गुडघेदुखीच्या माणसास चढण्यापेक्षा उतरणे अधिक जड जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो वर पोहोचला म्हणजे काम झाले असे सोबत्यांस वाटते. वास्तविक त्याची परीक्षा पुढेच असते. अशा माणसाच्या हाती एक काठी द्यावी आणि त्यास उतरण्यास सर्वांच्या आधी निघू द्यावे.

चौथा प्रश्न सावली, पाणी, बसण्याची जागा आणि शौचकूप यांचा. हा शेवटचा शब्द उच्चारण्यास आपण संकोचतो आणि त्या संकोचाची किंमत बायकांना, वृद्धांना आणि मधुमेहाच्या रुग्णांना मोजावी लागते. कित्येक भगिनी सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. का, ते पुरुषमंडळींनी समजून घ्यावे. जेथे स्वच्छ शौचकूप नाही, ती जागा कितीही रमणीय असली तरी चार तासांच्या सहलीस अयोग्य समजावी.

पाचवा प्रश्न परतीचा. मध्येच कोणास थकवा आला, चक्कर आली, तर तेथून मागे फिरता येते का आणि वाहन किती जवळ येऊ शकते? गोलाकार वाटेवर निम्म्यावर पोहोचलेल्या माणसास पुढे जाणे आणि मागे येणे सारखेच जड असते; ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत येण्यात हवे तेथून फिरता येते. म्हणून अशक्त मंडळींसाठी ये-जा करण्याची वाट निवडावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक आपणां सर्वांस ठाऊक आहेतच. परंतु डोंगराच्या घडीत भ्रमणध्वनी चालतो की नाही, हे आधी जाऊन पाहावे.

जागेस प्रश्न विचारून झाले. आता माणसांस काय विचारावे? येथे आम्ही एक नम्र सूचना करू इच्छितो. 'आपणांस कोणती व्याधी आहे?' असे विचारू नये. तो वैद्याचा प्रश्न आहे, कार्यवाहाचा नव्हे. 'सुखाने किती वेळ चालता येते? पायऱ्या चढता येतात का? वाहनातून उतरताना आधार लागतो का? दर किती वेळाने बसावेसे वाटते?' असे विचारावे. याची उत्तरे माणूस संकोच न बाळगता देतो. आणखी असे की, अडचण नेहमी डोळ्यांस दिसतेच असे नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ साली झाला, त्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले. कंपवात, रक्ताचे काही आनुवंशिक विकार यांसारख्या, वरून पाहता न कळणाऱ्या गोष्टीही त्यांत आल्या. तेव्हा 'दिसतो तर चांगला ठणठणीत' या शेऱ्याने कोणाची परीक्षा करू नये.

हृदयविकार किंवा दमा असलेल्या मंडळींनी आपल्या वैद्यास विचारूनच चढाची वाट धरावी आणि औषध पिशवीत न ठेवता खिशात ठेवावे; कारण पिशवी नेमकी दुसऱ्याच्या खांद्यावर असते. चालण्याचा वेग योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे: चालता चालता पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर थांबावे. मधुमेही मंडळींनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि जवळ थोडी साखर बाळगावी. ज्यांस ऐकू येत नाही, त्यांच्याशी हाताच्या खुणा निघण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात. ज्या मुलास गर्दी आणि गोंगाट सोसत नाही, त्याच्यासाठी रविवार सोडून अन्य दिवशीची शांत सकाळ निवडली तर त्या मुलाचे आणि त्याच्या आईचेही जीवन त्या दिवसापुरते सुसह्य होते.

आता आपल्या पुण्याच्या परिसरातील काही जागा या पाच प्रश्नांच्या कसोटीवर घासून पाहू.

ज्यांस चढ मुळीच नको, त्यांच्यासाठी आपल्या शहरात सपाट उद्यानांची वाण नाही. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळील एम्प्रेस गार्डनमध्ये जुन्या वृक्षांची दाट सावली आहे. दर वर्षी जानेवारीच्या सुमारास तेथे फुलांचे प्रदर्शन भरते. ते पाहण्याजोगे असले तरी गर्दी फार. सावकाश फिरणाऱ्यांनी प्रदर्शनाचे दिवस टाळून जावे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधील ओकायामा शहराच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचले असून २००६ साली ते लोकांसाठी खुले झाले. तेथे पाणी, हिरवळ आणि लहान पूल यांची मांडणी अशी आहे की, पावलापावलावर दृश्य बदलते. त्यामुळे थोडे चालूनही पुष्कळ पाहिल्याचे समाधान मिळते. ज्यांचे चालणे थोडे आहे, त्यांच्यासाठी अशा बागेचे मोल मोठे. सारसबाग आपणां सर्वांच्या परिचयाची. तळ्यातल्या गणपतीचे दर्शन आणि हिरवळीवर बसणे एवढा कार्यक्रम नातवंडांसह आलेल्या आजीआजोबांस पुरतो. कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय विस्ताराने मोठे आहे. तेथे विजेवर चालणाऱ्या गाड्या असतात. मात्र त्या त्या दिवशी चालू आहेत की नाहीत याची चौकशी आधी करावी. बुधवारी ते बंद असते, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांस मोकळी हवा हवी, पण चढ झेपत नाही, त्यांच्यासाठी तळजाईचे पठार आहे. वाहन देवळापर्यंत जाते आणि पुढे वनखात्याच्या राखीव जंगलातून बहुतांशी सपाट वाटा आहेत. पहाटे गेल्यास मोराचा आवाज ऐकू येतो. मोर दिसला तर भाग्य. काठी घेऊन चालणाऱ्या माणसासही येथे आपण डोंगरावर आलो, हा आनंद मिळतो. चाकाच्या खुर्चीस मात्र मातीच्या वाटा जड जातात, हे सांगितले पाहिजे.

मध्यम शक्तीच्या मंडळींसाठी वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीचा हा आपल्या शहराचा माथा. शहराची सर्वसाधारण उंची साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे, तेव्हा तळापासून चढाल तर दोनशे मीटरांहून अधिक चढ पडतो. परंतु ऑटोमोटिव्ह रिसर्च संस्थेच्या बाजूने वाहनाने वर गेल्यास पायी चढ बराच कमी होतो. एकाच टेकडीस असे जड आणि हलके दरवाजे असतात. टेकडीचे नाव ऐकून माणसांस वगळण्याआधी तिचे सगळे दरवाजे पाहावेत.

हीच गोष्ट गडांविषयी. सिंहगडास पायवाट आहे तसा मोटाररस्ताही आहे. तो पुणे दरवाजाच्या जवळ नेऊन सोडतो. तेथून पुढे पायऱ्या आणि चढ आहेतच, पण पायथ्यापासूनच्या चढाच्या मानाने ते थोडके. तरुणांनी पहाटे आतकरवाडीहून निघावे, वडीलधाऱ्यांनी दोन तासांनी मोटारीने यावे, आणि पिठले-भाकरी सर्वांनी एकत्र खावी. रायगडास पायी जावयाचे तर दीड हजाराहून अधिक पायऱ्या. परंतु १९९६ सालापासून तेथे दोरीमार्ग चालू आहे आणि पाळणा काही मिनिटांत वर पोहोचवितो. वर उतरल्यावरही काही पायऱ्या चढाव्या लागतात आणि वारा-पाऊस फार असला म्हणजे पाळणा थांबवितात, ही दोन पथ्ये सांभाळली तर ज्यांनी शिवरायांच्या राज्याभिषेकाची भूमी पाहण्याची आशा सोडून दिली होती, अशा कित्येकांस ती पाहता येते. कोल्हापूरकडील पन्हाळा तर गड असून गावही आहे. अंबरखाना, सज्जा कोठी, तीन दरवाजा येथपर्यंत वाहन जवळ जाते. लोहगडास पायऱ्या चांगल्या बांधीव आहेत, पण चढ सरळ आहे. त्यास वाहनाचा पर्याय नाही. २०२५ साली मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत रायगड, पन्हाळा आणि लोहगड तिन्ही आहेत. वारसा तिघांचा सारखा. वाट मात्र प्रत्येकाची निराळी.

दोन दिवसांची सवड असल्यास माथेरानचा विचार करावा. तेथे मोटारींस बंदी असल्याने मुले आणि वृद्ध निर्धास्त चालू शकतात. नेरळहून निघणारी लहान आगगाडी १९०७ सालापासूनची. पावसाळ्यात ती नेरळहून वर जात नाही, अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. वरच्या लाल मातीच्या वाटा पुष्कळशा सपाट आहेत, पण कड्यांच्या टोकांशी सगळीकडे कठडे नाहीत. मुलांचा हात सोडू नये.

ऋतूंविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण येथे प्रश्न जिवाचा येतो. पावसाळ्यात सह्याद्री सुंदर दिसतो आणि त्याच ऋतूत तो सर्वाधिक बळी घेतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. डोंगरावर वर कोठेतरी पडलेला पाऊस खाली काही मिनिटांत लोंढा होऊन येतो. तेथे पोहणाऱ्याचे पोहणे आणि धावणाऱ्याचे धावणे कामास येत नाही. ज्या तुकडीत मुले आणि वृद्ध आहेत, तिने पावसाळ्यात वाहत्या पाण्यात पाय घालूच नये. उन्हाळ्यात पहाटे निघून दहाच्या आत सावली गाठावी. गडांच्या कातळांवर आग्यामोहळे असतात. तेथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य. धावू शकणारा माणूस माशांपासून दूर पळेल. जो धावू शकत नाही त्याचे काय, हा विचार चूल पेटविण्यापूर्वी करावा. एकंदरीत, सर्वांस बरोबर घेऊन निघावयाचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम.

आता मंडळापुढे ठेवावयाच्या चार सूचना.

पहिली सूचना अशी की, सहलीच्या पत्रकात दिवस, वेळ आणि वर्गणी यांच्याखालीच चढ, तळ, पायऱ्या, शौचकूप आणि परतीची सोय या पाच गोष्टी छापाव्यात. चार ओळींचे काम आहे. छपाईचा खर्च वाढत नाही. त्या चार ओळी वाचून माणूस स्वतःच ठरवील की आपणांस जमेल की नाही. दुसऱ्याने त्याच्या वतीने ठरविण्याची गरज राहणार नाही. कोणा आजोबांनी सर्व वाचून 'मी चढणारच' म्हटले, तर त्यांच्या उत्साहाचाही मान राखावा आणि सोबत एक नातू द्यावा.

दुसरी सूचना पाहणीची. ठिकाण नक्की करण्यापूर्वी दोघांनी जाऊन ते पाहून यावे आणि त्या दोघांपैकी एक साठीपुढचा असावा. पंचविशीच्या डोळ्यांस बसावयाची जागा दिसत नाही, कारण त्याला बसावयाचे नसते.

तिसरी सूचना वेगाची. रांगेत सर्वांत पुढे सर्वांत सावकाश चालणाऱ्यास ठेवावे आणि सर्वांत मागे एक जाणता, दमदार तरुण असावा. सर्वसाधारणपणे याच्या उलट घडते: दमदार मंडळी पुढे जाऊन विसावतात, आणि मागचा माणूस धापा टाकीत पोहोचला की ती उठून पुन्हा चालू लागतात. विश्रांती नेमकी तिला मिळते जिला तिची गरज नसते.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. तुकड्या कितीही होवोत, वाटा कितीही निराळ्या असोत, पण जेवणाची जागा एकच असावी आणि ती अशी निवडावी की तेथे प्रत्येक सभासद पोहोचू शकेल. आधी ती जागा ठरवावी. चढावयाचे शिखर मागून ठरवावे. ज्या ठिकाणी अशी जागा मिळत नाही, ते ठिकाण तरुणांच्या निराळ्या मोहिमेसाठी राखून ठेवावे. तरुणांनी तोरणा चढावा, कळसूबाई चढावे; त्यांच्या पायांत बळ आहे तोवर त्यांस अडवू नये. मात्र त्या मोहिमेस मंडळाची वार्षिक सहल असे नाव देऊ नये.

काही जण म्हणतील, अशाने सहल मिळमिळीत होईल. आमचा अनुभव तसा नाही. सावकाश चालणारी तुकडी पक्षी पाहते, झाडांची नावे विचारते, देवळातील पुजाऱ्याशी बोलते. घाईने माथा गाठलेला तरुण परत येऊन त्यांच्याकडूनच ऐकतो की, वाटेत एक सुंदर वीरगळ होता. आणखी एक गोष्ट. टेकडी आणि बाग ही कोणा एका ज्ञातीची नसते. आपण बाकांची, कठड्यांची, स्वच्छ शौचकूपांची मागणी महानगरपालिकेकडे केली आणि ती मान्य झाली, तर तिचा लाभ परक्या घरच्या आजींसही होईल. मंडळाच्या हातून घडणाऱ्या पुण्यकर्मांत हेही एक गणले जावो.

बंधुभगिनींनो, आपल्या घरच्या पंगतीची रीत आपण जाणता. पाने मांडली, मीठ-लिंबू वाढले, भातावर वरण पडले. तरी पहिल्या पानावरचा माणूस घास उचलीत नाही. शेवटच्या पानावर तूप वाढले जाईपर्यंत तो हात आवरून बसतो. भूक त्यालाही लागलेली असते. ही रीत कोणी लिहून ठेवलेली नाही, पण ती मोडणाऱ्यास आपण असंस्कृत म्हणतो. जी रीत ताटाला, तीच वाटेला लागू करावी, एवढेच आमचे मागणे आहे. पुढील सहलीची यादी करताना आधी मागील तीन वर्षांत न आलेल्यांची नावे काढावीत, त्यांच्या घरी जाऊन 'आपणांस सुखाने किती चालता येते?' असे विचारावे आणि मग नकाशा उघडावा.